टाळूवरचा ळ

खांबेटे मॅडमचा फोन आला तेव्हा माझी जीभ काळी होती.

वसतिगृहाच्या बाथरूममध्ये आरशासमोर तोंड वासून मी उभा होतो. दात घासायची राखुंडी मधात कालवून जिभेवर लावलेली. एका हातात दाताचे डॉक्टर वापरतात तसला इवलासा गोल आरसा, दुसऱ्या हातात फोटो काढायला धरलेला मोबाइल, आणि नेमका तोच वाजायला लागला. अकोल्याचा नंबर बघून मी थुंकायलाही थांबलो नाही. राखुंडीसकटच 'हॅलो' म्हणालो.

"नीळकंठ मोहोड ना? मी खांबेटे. तुमच्या आईंची स्पीच थेरपी करतेय मी इथे."

मी हुंकार दिला. यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो, पण माझ्या बहिणीकडून, शोभाताईकडून, नाव ऐकलं होतं. पुण्याच्या आहेत, लहान वयाच्या आहेत, मायशी फार प्रेमाने वागतात, पण नातेवाइकांना खोलीत येऊ देत नाहीत. नातेवाईक पेशंटच्या आधी उत्तर देतात, म्हणून. ताई रोज तास-तासभर बाहेरच्या बाकावर बसून राहायची.

खोटी आशा लावायची नाही, म्हणून फोन केला, असं त्या म्हणाल्या. अर्धांगाच्या झटक्यानंतर पहिले काही महिनेच काय ते हाती असतात. जे शब्द परत यायचे ते त्यातच येतात. आणि आई एकाच शब्दावर अडकून बसल्या आहेत.

"रंगांची कार्डं दाखवली त्या दिवशी पहिला शब्द काढला त्यांनी. निळा. मला इतका आनंद झाला होता म्हणून सांगू! पण तेव्हापासून समोर काहीही धरा, आंबा धरा, गाय धरा, उत्तर एकच. आणि तोही नीट नाही येत. ळ निसटतो त्यांचा. मी रोज सुधारून घ्यायला बघते, तर हल्ली त्या तोंडच मिटून घेतात."

येत्या शुक्रवारी मोठे डॉक्टर तपासणार होते. नवा शब्द दिसला नाही तर थेरपी बंद. रांगेत दुसरे पेशंट होते, आणि पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं यालाही मर्यादा असते, असं डॉक्टरांचं मत. मॅडमनी ते जरा मऊ करून सांगितलं, पण अर्थ तोच.

त्यांनी एवढं सगळं सांगितलं, आणि माझ्या डोक्यात त्यातलं एकच वाक्य शिरून बसलं. ळ निसटतो. कारण या जगात ळशी माझ्याइतकी कुस्ती कोणीच खेळलेलं नव्हतं.

आमच्याकडे ळ नसतो. पुस्तकात असतो, एसटीच्या पाटीवर असतो, तोंडात नसतो. डोळा म्हणजे डोया, शाळा म्हणजे शाया, जवळ म्हणजे जवय. यात काही उणं आहे हे मुंबईला येईपर्यंत मला ठाऊकच नव्हतं. कला महाविद्यालयातल्या पहिल्या दिवशी सगळ्यांनी उभं राहून ओळख करून द्यायची होती. मी उभा राहिलो आणि ठणकावून म्हणालो, "मी नियकंठ मोहोड, बायापूरचा." वर्ग हसला. मागून कोणीतरी विचारलं, बायापुरात पुरुषांना प्रवेश असतो का? हसू दुष्ट नव्हतं, मीही हसलो त्यांच्याबरोबर.

मग मी ळच्या मागे लागलो. आमच्या गावची म्हण, 'काखेत कयसा अन् गावाले वयसा', ती घेतली आणि बाथरूमच्या आरशासमोर रोज घोकली. काखेत कळसा, गावाला वळसा. कळसा, वळसा. जीभ मागे वळवायची, टाळूला टेकवायची, सोडायची. वर्षभरात ळ आला, आणि असा आला की जाईना. मेसमध्ये 'केळं' बरोबर म्हटल्याच्या आनंदात मी त्याच दमात 'फुळं' म्हणून मोकळा झालो होतो.

पुढे माझ्या लक्षात आलं की ज्या गोष्टीची लाज वाटते तिच्यावरच आपलं उत्तम काम होतं. दुसऱ्या वर्षी मी माझ्या नावाचं पोस्टर केलं, त्यात ळचं कुलूप केलं आणि किल्ली पोस्टरच्या मागच्या बाजूला टांगली. तिसऱ्या वर्षी एक पुस्तक केलं, 'दोन जिभा' नावाचं, उजव्या पानावर शहरातलं बोलणं आणि डाव्या पानावर घरचं, आणि मधली शिवण अशी घट्ट की दोन्ही पानं एका वेळी नीट उघडायचीच नाहीत. परीक्षक खूश झाले. आता शेवटच्या वर्षाचं काम होतं टाळूचं. राखुंडी लावलेल्या जिभेने ळ म्हणायचा, की टाळूच्या मध्यावर काळा ठसा उमटतो. य म्हणायचा, की मध्यभाग कोराच राहतो. त्या ठशांवरून मी अक्षरं काढत होतो. माझा ळ कुठल्याही छापखान्यातल्या ळसारखा नव्हता, तो माझ्या टाळूवरून उतरलेला होता. वर्दे मॅडम, आमच्या प्राध्यापक, म्हणाल्या होत्या की या कामावर तुला कुठेही नोकरी मिळेल.

हे सगळं मी मायला कधी सांगितलं नव्हतं. सांगून तिला काय कळलं असतं, असं वाटायचं.

माय शाळेत खिचडी शिजवायची. वच्छलाबाईचा आवाज गावात कोणालाही विचारावा. चुलीशी बसून ती हाक मारायची ती शाळेच्या मागच्या भिंतीपलीकडच्या पोरालाही ऐकू जायची, आणि कोणत्या पोराने दोनदा ताट भरून घेतलं हे ती सगळ्यांसमोर सांगायची. बोलण्यात तिला कोणी हरवलं नाही, सरपंचानेही नाही. तिच्या वाटेला जाण्यापेक्षा लोक रस्ता बदलायचे. वडील मी लहान असतानाच गेले, आणि मला नेहमी वाटतं की त्यानंतर आम्हा दोघा भावंडांना तिने हाताने कमी आणि तोंडाने जास्त वाढवलं.

नीळकंठ हे नाव तिला लांब पडायचं. नियकंठचंही आखूड करून ती मला निया म्हणायची. पहिल्या वर्षी एकदा खोलीत फोन स्पीकरवर होता आणि तिची ती हाक आली, "निया, जेवला काय रे?" पुढे आठवडाभर अख्खं वसतिगृह मला 'निया, जेवला काय' विचारत होतं. मी तिला फोन करून सांगितलं, यापुढे असं म्हणू नको.

"मंग काय म्हनू तुले?"

"नील म्हण."

तिने म्हणून पाहिलं. नील. आणि फसकन हसली. "लोकाच्या पोराले हाक मारल्यावानी वाटते बाप्पा," म्हणाली. त्यानंतर तिने मला नील म्हटलं नाही आणि निया तर नाहीच. फोन लागला की नावाशिवाय थेट सुरू व्हायची, जेवला काय? मीही तिला केव्हा आई म्हणायला लागलो ते मला आठवत नाही. तिने त्यावर काही म्हटलं नाही, आणि बोलायला न चुकणारी माय यावर गप्प कशी, हे मला त्या वेळी खटकलं नाही.

खिचडीचं पातेलं उतरवताना तिला झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. मी पोचलो तेव्हा ती अकोल्याच्या दवाखान्यात होती. मला बघून तिने तोंड उघडलं, ओठ हलले, आणि नुसता वारा आला. तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा वारा. तिचे डोळे असे घाबरले की मीच मान फिरवली. थोडे दिवस थांबलो, मग भाऊजींनी मला परत पाठवलं. तू इथे बसून काय करणार, म्हणाले, शेवटचं वर्ष पदरात पाडून घे, तिलाही तेच हवं होतं. बोलण्यात तथ्य होतं. परत आलो, पण आरशासमोर तोंड उघडलं की तिचं उघडं तोंड दिसायचं.

फोन ठेवल्यावर मी तोंड धुतलं आणि ताईला लावला. ताईला जास्त काही माहीत नव्हतं.

"मॅडम म्हन्ते का माय सारखी एका रंगाचंच नाव घेते. माह्यासमोर तर हूं की चूं करत नाई. नुसती पाह्यत राह्यते." मग जरा थांबून ती म्हणाली, "तू ये ना रे. बंद केल्यावर मंग काय करावं मी हिचं? बोलल्याबिगर मरून जाईन ते."

ताईने हे रडत सांगितलं नाही. बोलल्याबिगर माय मरून जाईल, हे मलाही ठाऊक होतं.

मला एकच सुचलं. जो ळ तिला येत नाही तो मी तिला शिकवेन. माझ्याहून चांगला शिकवणारा कोण होता? ज्या रीतीने मी आरशासमोर शिकलो, त्याच रीतीने तीही शिकेल. मी परीक्षेचं काम बाजूला सारलं आणि कार्डं करायला घेतली. जाड पुठ्ठा, वर चित्र, खाली शब्द, आणि त्या शब्दातला ळ लाल आणि मोठा. त्याच्या शेजारी टाळूचा फोटो, काळा ठसा दाखवणारा, म्हणजे जीभ कुठे टेकवायची ते दिसावं. डोळा, केळं, शाळा, बाळ, निळा. राखुंडी लावून लावून माझ्या जिभेची सालं निघाली. एकदा आरसा जास्त आत गेला आणि उलटी झाली, ती धुऊन पुन्हा तोंड उघडलं. मित्र जेवायला बोलावून थकले. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती, आणि हात चालू असले की ती जरा मागे राहायची.

वर्दे मॅडमनी कार्डं पाहिली ती बुधवारी. एकेक हातात घेऊन बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या की ही शुक्रवारी परीक्षकांसमोर ठेवलीस तर पहिला क्रमांक कुठे जात नाही. मी सांगितलं, शुक्रवारी मी अकोल्याला असणार आहे आणि कार्डंही.

"बाहेरचे परीक्षक आहेत, नीळकंठ. तारीख माझ्या हातात नाही. वर्ष जाईल तुझं."

मी कार्डं गोळा करायला लागलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टेबलावरची कात्री उचलली आणि कार्डांचे टोकदार कोपरे एकेक करून गोल कापायला लागल्या. आजारी माणसाच्या हाताला टोचू नयेत, म्हणाल्या. सगळी कापून झाल्यावर गठ्ठा बांधून माझ्या हातात दिला.

शुक्रवारी सकाळी मी दवाखान्यात पोचलो तेव्हा ताई त्या बाकावर बसली होती. खांबेटे मॅडम माझ्यापेक्षा फार मोठ्या नसाव्यात. त्यांनी कार्डं पाहिली आणि त्यांचे डोळे चमकले. हे फारच सुंदर केलंय, म्हणाल्या. नियम मोडून मला खोलीत घेतलं. डॉक्टर अकरापर्यंत येतील, तोवर जे करायचं ते करू, असं ठरलं.

माय चाकाच्या खुर्चीत बसली होती. ताईने तिचे केस नीट विंचरले होते, पदर खांद्यावर घेतला होता. चेहऱ्याची उजवी बाजू खाली ओघळलेली. एवढीशी दिसत होती. चुलीमागे बसून गाव हलवणारी बाई एवढी लहान होती हे मला कधी कळलंच नव्हतं.

"आई, मी आलो," मी म्हणालो. तिने पाहिलं. डाव्या बाजूचा ओठ जरासा हलला.

मी समोर स्टुलावर बसलो आणि डोळ्याचं कार्ड धरलं. तिने कार्डाकडे पाहिलंच नाही, ती माझ्याकडेच बघत होती. केळ्याचं धरलं, बाळाचं धरलं, तेच. मॅडम शेजारून समजुतीने म्हणाल्या, येणारं एक तरी येऊ दे, म्हणजे धीर येईल, निळं धरा. मी निळं कार्ड धरलं.

मायने तोंड उघडलं. ओठ थरथरले. "निया," ती म्हणाली.

"बघितलंत? ळ," मॅडम हळूच म्हणाल्या.

बघितलं होतं. माझे कान तर ळवरच लागले होते. मी तिच्या पायाशी गुडघ्यावर बसलो. आई, जीभ मागे वळव, वर टेकव, निळा, असं सावकाश म्हणून दाखवलं. तिने पुन्हा तेच म्हटलं, या वेळी जरा मोठ्याने. मी म्हणालो, निळा. ती तिसऱ्यांदा म्हणाली, आणि मी तिसऱ्यांदा सुधारलं. मग तिने तोंड मिटलं आणि खिडकीकडे वळवलं. मॅडमनी मान हलवली. रोज हे असंच होतं.

भिंतीवरच्या घड्याळात अकराला थोडा वेळ उरला होता. मी पिशवीतून राखुंडीची डबी काढली. घाईत ती उघडताना अर्धी राखुंडी तिच्या साडीवर सांडली. उरलेली जिभेवर लावली आणि तोंड वासून तिच्यासमोर वाकलो.

"इकडे बघ आई. माझ्या जिभेकडे बघ. ळ. ळ. अशी टेकव. आत्ता डॉक्टर येतील आणि बंद करतील गं सगळं. एकदाच म्हण. एकच अक्षर आहे. मला आलं, तुला येईल. म्हण ना."

माझ्या तोंडातून काळी लाळ गळत होती, डोळ्यांतून पाणी, आणि मी ळ ळ करत होतो. मॅडम उठून उभ्या राहिल्या. आता पुरे, असं काहीतरी म्हणाल्या असाव्यात.

मायने मान वळवली. माझ्या उघड्या काळ्या तोंडात तिने पाहिलं. मग तिचा चांगला हात, डावा, हळूहळू वर आला. पदराचं टोक त्याने चाचपलं, बोटाभोवती कसंबसं गुंडाळलं, आणि ते बोट तिने सरळ माझ्या तोंडात घातलं. जीभ पुसायला लागली. खरखरीत, जोर लावून, मागपर्यंत. लहानपणी मी राखुंडी खायचो. चोरून, मुठी मुठी खायचो. ती पकडायची आणि अशीच पुसायची, याच पदराने.

"निया!"

या वेळी तो रंग नव्हता. ती दटावणी होती. खिचडीच्या चुलीपासून शाळेच्या मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाणारी, दुसरी कसलीच नाही. शेवटी जरा वर चढणारी, राग आणि हसू एकाच दमात असणारी. किती वर्षांनी ऐकत होतो मी ती.

महिनाभर ती मला हाक मारत होती. निळ्या कार्डावर रंगाचं नाव सांगायला म्हणून तोंड उघडलं असेल, तर आमच्या बोलीत तेही निया. आणि निघालेल्या त्या पहिल्या शब्दात तिला तिचा पोरगा सापडला असेल. मग आंबा दाखवा, गाय दाखवा, ती मलाच हाक मारत राहिली. एकच शब्द उरला होता तिच्यापाशी, आणि तो चुकीचा आहे असं तिला रोज सांगितलं जात होतं. आज मीही सांगितलं. काखेत कळसा, आणि मी केवढा वळसा घालून आलो होतो.

तिचं बोट अजून माझ्या जिभेवर होतं. जीभ वळवायला जागाच नव्हती. पण जे म्हणायचं होतं त्याला जीभ वळवावी लागत नाही.

"काय व माय?" मी म्हणालो.

तिचा हात थांबला. बोट बाहेर आलं. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा अर्धा चेहरा हसला. उरलेला अर्धा तसाच होता. ओठ पुन्हा जुळवाजुळव करायला लागले. फार वेळ लागला. मी काही सुचवलं नाही, काही सुधारलं नाही, नुसता थांबलो.

"जे... व... ला?"

मी तिच्या मांडीवर डोकं टेकवलं. राखुंडीने तिची साडी आणखी काळी झाली.

मागून खांबेटे मॅडम बावरून म्हणाल्या, "हा नवा शब्द आहे. पण मला कळलं नाही. निया म्हणजे निळाच ना?"

"निया म्हणजे मी," मी म्हणालो.

त्या स्टुलावर बसल्या. मग त्यांनी खाली पडलेलं केळ्याचं कार्ड उचललं आणि मला विचारलं, तुमच्याकडे याला काय म्हणतात? मी सांगितलं, केय. त्यांनी ते मायसमोर धरलं आणि स्वतःच्या पुणेरी जिभेने जपून, अडखळत म्हणाल्या, "केय." मायने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. महिनाभरात पहिल्यांदा ती त्यांच्याकडे असं बघत होती, माणूस माणसाकडे बघतो तसं. मग ती कार्डाकडे बघायला लागली. "के," ती म्हणाली. पुढचं राहिलं. पण डॉक्टर आत आले तेव्हा ती अजून त्या कार्डाकडेच बघत होती आणि ओठ हलत होते. डॉक्टरांनी थेरपी चालू ठेवायला सांगितली.

माझं वर्ष गेलं. ते मी पुढच्या वर्षी पुन्हा केलं, दुसऱ्याच विषयावर. वर्दे मॅडमनी का म्हणून विचारलं नाही.

त्या शुक्रवारी दुपारी बाहेरच्या बाकावर ताईच्या शेजारी बसून मी ब्लेडने कार्डांवरचा लाल ळ खरवडला आणि तिथे य लिहिला. टाळूचे फोटो फाडून टाकले. ताईला वाटलं मी रागात आहे, पण तसं नव्हतं. एवढं शांत मी कित्येक दिवसांत बसलो नव्हतो.

माय त्यानंतर तीन वर्षं जगली. फार शब्द नाही आले. डोया आला, शाया आला, पानी आलं, शोभे आलं, आणि सरपंच दवाखान्यात भेटायला आले तेव्हा एक शिवीही आली, ती मात्र एकदम स्वच्छ. भांडण्यापुरते शब्द काही परत आले नाहीत. तिला ते किती लागत होतं हे तिच्या हाताच्या मुठीवरून कळायचं.

निळं कार्ड ताईच्या घरी अजून आहे. ताई सांगते, सराव करताना ते समोर धरलं की माय बरोबर म्हणायची, पण कार्डाकडे कधी बघायची नाही. मी घरी असलो की माझ्याकडे बघायची. मी मुंबईत असलो की दाराकडे.